‘काळजी घ्या’ हीसुद्धा धमकी असते : सोलापूरच्या एका साक्षीदाराच्या मुलीचं खुलं पत्र

प्रति,
साक्षीदार संरक्षणाच्या जिल्हा समितीचे सन्माननीय सदस्य, सोलापूर,
आणि राज्याच्या गृह तसेच विधी व न्याय विभागाचे सचिव

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात कोर्टाच्या व्हरांड्यात एक माणूस माझ्या आईजवळ आला आणि हसत म्हणाला, “अम्मा, जाग्रत्त.” तेलुगूत जाग्रत्त म्हणजे जपून, काळजी घे. आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. पोरं शाळेला निघाली की जाग्रत्त, कुणी रात्रपाळीला निघालं की जाग्रत्त. आई स्वतःच जन्मभर तो म्हणत आली आहे. पण त्या दिवशी तो ऐकून ती बाकाची कड धरून बसली ती उठेना. कारण ज्या खटल्यात ती साक्ष देत होती, त्याच खटल्यातला तो आरोपी होता. तो जामिनावर बाहेर आहे आणि आईची उलटतपासणी अजून व्हायची आहे.

आम्ही तिथून थेट एका पोलीस ठाण्यात गेलो. कोणतं ठाणं, कोणतं कोर्ट, आम्ही राहतो ती पेठ कोणती, हे या पत्रात कुठेही येणार नाही. खटला चालू आहे, आणि आईने काय पाहिलं ते सांगण्याची जागा साक्षीचा पिंजरा आहे, हे पत्र नव्हे. ठाण्यातल्या हवालदारांनी आमचं शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं : “आरोपीने साक्षीदारास काळजी घेण्यास सांगितले.” मग म्हणाले, “यात गुन्हा काय ओ ताई? काळजी घ्या म्हणाला की.”

भाषांतर बरोबर होतं. त्या वाक्यात कुठेही चूक काढता आली नसती. चुकलं ते एवढंच की कोण म्हणालं, कुठे म्हणालं, कशाच्या आदल्या तारखेला म्हणालं, हे विचारायला कुणी थांबलं नाही. खोटी साक्ष द्यावी म्हणून साक्षीदाराला धमकावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंडविधानात तेच १९५-अ होतं. साक्षीदाराला धोका वाटत असेल तर त्याने अर्ज करायचा, त्यावर पोलिसांनी अहवाल द्यायचा आणि आपल्या समितीने आदेश करायचा, अशी योजनाही २०१८ पासून आहे. त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि टेबलापलीकडून कुणी सांगितलंही नाही. तीन आठवड्यांनी विधी सेवेच्या, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीच्या, एका तरुण वकीलबाईंनी सांगितलं, तेव्हा कळलं. म्हणून हे पत्र.

आधी आमच्याविषयी थोडं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी माणसं. वडील मागावर होते. आई पन्नास वर्षांपासून विड्या वळते. मी एका गारमेंटमध्ये हिशेब लिहिते. धाकटा भाऊ टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होता. डिसेंबर २०१९ मध्ये एका रात्री गल्लीच्या तोंडाशी त्याच्यावर हल्ला झाला. तो सिव्हिलमध्ये २२ दिवस होता. वाचला. उजव्या हाताची तीन बोटं अजून वळत नाहीत. मागावर धागा तुटला की चिमटीत धरून क्षणात गाठ मारावी लागते आणि ती गाठ त्याला आता मारता येत नाही. आज तो दुसऱ्याच्या दुकानात गठ्ठे मोजतो. आई त्या रात्री दारात होती. तिच्या साक्षीचं महत्त्व एवढ्यावरून लक्षात यावं.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिला पहिलं समन्स आलं. तेव्हापासून मी एका वहीत तारखा लिहून ठेवल्या आहेत. आजवर १४ फेऱ्या झाल्या. चार वेळा आरोपींचे वकील आले नाहीत. तीन वेळा न्यायाधीश साहेब रजेवर होते. दोन वेळा मुद्देमाल आला नव्हता. दोन वेळा आधीचं काम लांबलं आणि वेळ संपली. एकदा वकिलांनी काम बंद ठेवलं होतं, एकदा एक आरोपी गैरहजर होता. चौदाव्या वेळी आई पिंजऱ्यात उभी राहिली, सरतपास, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, झाला आणि उलटतपासाला पुढची तारीख पडली. त्याच दिवशी व्हरांड्यात तो ‘जाग्रत्त’ कानावर आला.

चौदा फेऱ्या म्हणजे काय, हे विडीवाल्या घरात वेगळं असतं, ते सांगते. विडीचं पान आदल्या रात्री भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं, तेव्हा ते सकाळी कापायला मऊ येतं. भिजवलेलं पान तसंच राहिलं तर खराब होतं. कारखान्यातून पान वजनावर मिळतं आणि विड्या मोजून द्याव्या लागतात, म्हणजे पान वाया गेलं तर पदरचं घालायचं. तारखेच्या आदल्या रात्री आई चुलीपाशी पानाचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसते आणि मला विचारते, “उद्या होईल का गं? भिजवू का नको?” साक्ष झाली तर दिवस कोर्टात जाईल आणि पान वाया जाईल. साक्ष झाली नाही आणि पान भिजवलेलं नसेल, तर दुपारी घरी येऊन हातात काम नाही. चौदा वेळा मी तिला काय उत्तर द्यावं ते मला कळलेलं नाही. काम होणार नाही हे आदल्या संध्याकाळी कुणाला तरी माहीत असतं. रजेचा अर्ज आलेला असतो, मुद्देमाल निघालेला नसतो. एक फोन, एक मेसेज पुरला असता.

साक्षीदार कोर्टात हजर असताना त्याची तपासणी केल्याशिवाय काम तहकूब करू नये, करायचंच असेल तर विशेष कारण लिहून ठेवावं, असं कायद्यात स्पष्ट आहे. जुन्या फौजदारी संहितेत ते ३०९ कलम होतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३४६ आहे. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तहकुबीला कारण होऊ शकत नाही, हेही तिथेच लिहिलंय. साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारकडून देण्याचा अधिकार कोर्टाला आहे (पूर्वी कलम ३१२, आता ३५०). चौदा फेऱ्यांत आम्हाला भत्ता मिळाला तो एकदा, तोही एका कारकूनबाईंनी आपणहून अर्ज लिहून दिला म्हणून. त्या बाईंचे मी मनापासून आभार मानते. पण हक्क कुणाच्या भलेपणावर चालू नये.

व्हरांड्याबद्दल. फिर्यादी, साक्षीदार, आरोपी, आरोपींचे दोस्त, सगळे एकाच बाकावर. पुकारा होईपर्यंत तीन-तीन तास. आई पाणी पीत नाही, कारण मग बाईला जायला जागा शोधावी लागते आणि तेवढ्यात नाव पुकारलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्वर्ण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात नेमकं हेच लिहिलंय : साक्षीदार लांबून येतो, शिपाई त्याला बाहेर ढकलतो, बसायला जागा नाही, पाणी प्यायला जागा नाही, दिवसभर थांबून कळतं की तारीख पडली, मग तो कंटाळतो. वकीलबाईंनी मला तो भाग वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं, आमच्या वहीवरूनच कुणी उतरवून घेतलाय. पंचवीस वर्षं होऊन गेली त्याला.

त्यानंतर बरंच झालं आहे, कागदावर. महाराष्ट्राने २०१७ मध्ये साक्षीदार संरक्षणाचा कायदा केला. आसाराम प्रकरणातल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले, आणि त्या साक्षीदारांच्याच याचिकेवर, महेंद्र चावला प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू केली. प्रत्येक जिल्ह्यात समिती : अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सदस्य पोलीसप्रमुख, सदस्य-सचिव अभियोग विभागाचे प्रमुख. अर्ज आल्यावर समितीने पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवायचा आणि तो कामाच्या पाच दिवसांत यावा. कोर्टात येता-जाता सोबत, आरोपी समोरासमोर येणार नाही अशी व्यवस्था, फोन नंबर बदलून देणं, घराला कॅमेरा, अगदी राहण्याची जागा बदलण्यापर्यंत उपाय त्यात आहेत. त्याच निकालात प्रत्येक जिल्हा न्यायालयात २०१९ संपेपर्यंत असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी दालनं उभारायला सांगितलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायालयाने ‘असुरक्षित साक्षीदार’ कुणाला म्हणायचं ती व्याख्या रुंद केली. आता त्यात फक्त लहान मुलंच येतात असं नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडित, मानसिक आजार असलेले, मूकबधिर, आणि ज्याच्या जिवाला धोका आहे असा कोणताही साक्षीदार त्यात बसतो. माझी आई त्यात बसते. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने तर प्रत्येक राज्याला अशी योजना तयार करणं बंधनकारक केलं आहे.

एवढं सगळं असताना मी ठाण्यात, कोर्टाच्या आवारात आणि आणखी एका कार्यालयात विचारलं की साक्षीदार संरक्षणाचा अर्ज कुठे मिळतो. एकाने मला शस्त्र परवान्याच्या खिडकीकडे पाठवलं. एकजण म्हणाला, “ते मोठ्या केसला असतं, अतिरेकी वगैरे.” तिसऱ्याने फोन नंबर लिहून घेतला, कळवतो म्हणाला. हे मी कुणाला नोकरीत त्रास व्हावा म्हणून लिहीत नाही. आपल्या समितीचं अस्तित्व तिच्याच यंत्रणेतल्या टेबलापर्यंत पोचलेलं नाही, हे आपल्याला कळावं म्हणून लिहिते आहे.

भाषेचं दुखणं सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. अर्धा पूर्व भाग घरात तेलुगू बोलतो, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कानडी, आणि शहरात दखनी उर्दू. आईला बाजारापुरतं मराठी उत्तम येतं. पण ‘सदर इसम’, ‘घटनास्थळ’, ‘तुमचे म्हणणे खोटे आहे असे माझे म्हणणे आहे’ हे मराठी तिचं नाही. साक्षीच्या दिवशी दुभाषा नव्हता. त्या वेळी हजर असलेल्या एका गृहस्थांना तेलुगू येतं म्हणून उभं केलं. त्यांनी भल्या मनाने काम केलं. पण शपथेवरच्या साक्षीत एका क्रियापदाने अर्थ बदलतो आणि उलटतपासात त्याच क्रियापदावर बोट ठेवलं जातं. ‘जाग्रत्त’चं ‘काळजी घ्या’ कसं झालं ते मी वर लिहिलंच आहे. साक्ष साक्षीदाराच्या भाषेत नोंदवून तिचं खरं भाषांतर जोडण्याची सोय कायद्यात जुनी आहे. आपल्या जिल्ह्याला ती जेवढी लागते तेवढी राज्यात फार थोड्या जिल्ह्यांना लागत असेल.

आणि तो फोन नंबर. आईच्या जबाबाखाली, दोषारोपपत्रातल्या साक्षीदारांच्या यादीत, नाव, वय, पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर छापलेला आहे. नंबर माझा आहे, कारण आईकडे फोन नाही. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, ती मिळालीच पाहिजे, त्याशिवाय तो आपला बचाव कसा करणार? पण बचावासाठी माझा नंबर कशाला लागतो? मला महिन्यातून दोनदा अनोळखी फोन येतात. कुणी काही बोलत नाही. मागे गाडीचा आवाज येत राहतो आणि मग फोन बंद होतो.

दुसरीकडे, आमच्या घरात त्या दोषारोपपत्राची प्रत आज सहा वर्षांनी आली, तीही वकीलबाईंनी अर्ज करून मिळवली म्हणून. नव्या संहितेच्या कलम २३० मध्ये पीडितालाही मोफत प्रत द्या असं आलं आहे, पण ‘त्याच्या वतीने वकील असेल तर’ अशी अट आहे. ज्याच्याकडे वकील नाही त्यालाच खरं तर कागदाची जास्त गरज असते. पीडिताला आपला वकील देऊन सरकारी वकिलांना मदत करता येते, हा हक्क २००९ पासून आहे. बाईला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, हे १९८७ च्या कायद्यात आहे. गंभीर जखमी झालेल्याला भरपाईची योजना आहे, प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असंही लिहिलं आहे. भावाच्या तीन बोटांचं कुणी काही देऊ शकत नाही. पण सिव्हिलमधून घरी आल्यावर आठ महिने तो बिनकामाचा होता, तेव्हा आईने कानातलं गहाण ठेवलं. त्या वेळी कुणी एक कागद हातात दिला असता तर ते कानात राहिलं असतं.

साक्षीदार उलटला की वर्तमानपत्रात छापतात ‘फितूर’. हा शब्द वाचला की मला त्रास होतो. फितूर म्हणजे किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा. आमच्या खटल्यातला एक टपरीवाला जबाब दिल्यावर वर्षभरात टपरी मोडून गावाकडे निघून गेला. त्याला तीन लहान मुलं होती आणि टपरी आरोपींच्या रोजच्या रस्त्यावर होती. त्याच्यावर मी रागावलेली नाही. त्याला तिथे एकटं कुणी सोडलं, हा माझा प्रश्न आहे. शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, खर्ड्याला, २०१४ साली १७ वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. कोर्टात एकामागून एक साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले. तेव्हाही सगळ्यांनी साक्षीदारांकडे बोट दाखवलं.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण असं पत्र लिहिलं की लोकांना वाटतं ही आरोपीला वकील मिळू नये म्हणतेय. नाही. आरोपीला वकील मिळावा, त्याने आईला हवे तेवढे प्रश्न विचारावेत, कडक विचारावेत. आई उत्तर देईल. तिला प्रश्नांची भीती नाही, पिंजऱ्यातून घरी जाण्याच्या वाटेची आहे.

आता मागण्या.

साक्षीदार संरक्षणाचा अर्ज प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या आवारात, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत, मागितल्याबरोबर मिळावा. तो घेतल्याची पोच तारखेसह मिळावी. हजर असलेल्या हवालदाराला किंवा कारकुनाला तो भरून देता यावा, एवढं प्रशिक्षण द्या. फलक लावा, आणि तो जिथे साक्षीदार बसतात तिथे लावा, साहेबांच्या दालनाबाहेर नको.

फिर्यादी आणि साक्षीदारांना बसायला वेगळी खोली द्या. मोठी इमारत मागत नाही. एक खोली, आतून लागणारी कडी, पाणी, जवळ स्वच्छतागृह आणि पुकारा ऐकू येईल अशी सोय. ज्याला धोका आहे त्याला दुसऱ्या दाराने आत-बाहेर करता यावं. वेगळ्या साक्ष-दालनांची २०१९ ची मुदत कधीच उलटून गेली आहे. जिल्ह्यात, तालुक्याच्या कोर्टांसकट, त्याची आजची स्थिती काय आहे हे लेखी जाहीर करा.

काम होणार नसेल तर आदल्या दिवशी सहा वाजेपर्यंत साक्षीदाराला मेसेज जावा. ज्याच्याकडे फोन नाही त्याला ठाण्यामार्फत निरोप द्यावा. समन्स बजावायला माणूस घरापर्यंत येतो, तसा निरोप घेऊनही येऊ शकतो. भत्ता त्याच दिवशी, अर्जाशिवाय, हजेरीच्या नोंदीवर द्या. मजुराची एक दिवसाची खरी मजुरी बघून दर ठरवा.

साक्षीदारांचे मोबाईल नंबर आणि घरपत्ते आरोपीला जाणाऱ्या प्रतीत उघडे नसावेत. न्यायालयाकडे ते बंद पाकिटात राहू द्या.

तेलुगू, कन्नड आणि उर्दूच्या प्रशिक्षित दुभाष्यांची जिल्ह्यासाठी यादी करा, त्यांना मानधन द्या, आणि समन्सवरच एक चौकट छापा : आपण कोणत्या भाषेत साक्ष देणार?

फिर्याद नोंदवतानाच पीडिताच्या हातात एक पान द्या. तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली पोलिसांवर बंधनकारक आहे, मोफत वकील कुठे मिळतो, भरपाईचा अर्ज कुठे करायचा, आरोपी निर्दोष सुटला तर अपिलाचा हक्क आहे, एवढं त्या पानावर असावं. १५१०० हा विधी सेवेचा नंबर त्यावर ठळक छापा.

गृह आणि विधी व न्याय विभागाला वेगळी विनंती. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ लागू आहे. त्यात पीडित आणि साक्षीदारांना प्रवासखर्च, निर्वाहखर्च, जामिनासकट प्रत्येक कामाची आगाऊ सूचना, गरज पडल्यास पुनर्वसन, हे सगळं हक्क म्हणून लिहिलं आहे. तिथेही अंमलबजावणी कशी होते हा वेगळा प्रश्न आहे, पण निदान शब्द तरी नेमके आहेत. राज्याने तेच शब्द प्रत्येक गंभीर गुन्ह्याच्या साक्षीदारासाठी आपल्या योजनेत घ्यावेत.

आईचा अर्ज वकीलबाईंनी लिहून दिला आणि मी तो सोमवारी दाखल केला. पोच माझ्याकडे आहे. अर्जात आम्ही तीनच गोष्टी मागितल्या आहेत : पुढच्या तारखेला घरापासून कोर्टापर्यंत आणि परत येताना पोलिसांची सोबत, व्हरांड्याऐवजी वेगळ्या खोलीत बसायला जागा, आणि तेलुगूचा शपथबद्ध दुभाषा. पाच दिवसांच्या अहवालाची मुदत या आठवड्यात संपते आहे. पुढची तारीख त्यानंतर अकरा दिवसांनी आहे. आई येणार आहे. काल रात्री तिने मला तिची कोर्टाची साडी इस्त्री करून ठेवायला सांगितली.

आपली विश्वासू,
एका साक्षीदाराची मुलगी,
सोलापूर